उसनी लाळ

माळेवाडीतल्या बायकांची तोंडं स्वरालीला पाठ होती. उज्ज्वलाकाकीच्या हिरड्या जांभळ्या आणि डावीकडच्या दोन दाढा गेलेल्या. रेहानाचाचीच्या खालच्या ओठामागे काळी रेघ. आणि तिच्या सासूबाई, सुजाताआत्या, यांचे पुढचे दात चहाच्या जुन्या गाळणीच्या रंगाचे. लग्न होऊन आल्यापासून तीन वर्षं ती रोज सकाळी हा देखावा बघत होती. गल्लीतल्या साऱ्या जणी आपापल्या दारात उकिडव्या बसायच्या, डबीतली मशेरी बोटावर घ्यायच्या, दातांवर फिरवायच्या, आणि त्याच तोंडानं गावातल्या लेकीसुनांची चाल पारखायच्या. गाड्या बिनचालकाच्या झाल्या, शाळेची खिचडी वाफेच्या यंत्रात शिजायला लागली, तलाठ्याच्या जागी पडदा बोलायला लागला. मशेरी मात्र तीच. तव्यावर काळी होईतो भाजलेली तंबाखू.

स्वराली बी.एस्सी. होती, सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन. तिला या बायकांचा राग येत नव्हता. राग यायला समोरच्याला थोडी तरी किंमत द्यावी लागते.

त्या दिवशी ती न्हाणीतून बाहेर आली तर आत्यांच्या मांडीवर आठ महिन्यांची अन्वी, आणि आत्यांचं काळं बोट अन्वीच्या तोंडात.

"काय करताय?"

"दात येत्यात न्हवं. हिरड्या शिवशिवत्यात लेकराच्या," आत्या बोट न काढता म्हणाल्या. "वाईच मशेरी लावली की गप पडतंय. तुजा नवरा असाच वाढला."

"म्हणूनच तो असा आहे."

तिनं अन्वीला ओढूनच घेतलं. ओल्या फडक्यानं तिच्या हिरड्या पुसल्या, पुन्हा पुसल्या, पोर कळवळून रडेपर्यंत. "ती गप पडत नाही, आत्या. तिला गुंगी येते. विष आहे ते."

"आमी विष खाऊनच पन्नाशी गाठली व्हय?"

यावर बोलण्यात अर्थ नव्हता. स्वरालीनं त्या दिवसापासून अन्वीला नजरेआड केलं नाही. भाकरी थापताना पोर पायाशी, कपडे वाळत घालताना काखेत. नवरा पुण्याच्या कारखान्यात, शनिवारी यायचा आणि दोघींचंही बरोबर आहे असं सांगून सोमवारी जायचा.

*

आणि मग सरकारचा नवा नियम आला.

गावच्या बचत गटाकडे शाळेच्या जेवणाचं काम होतं. दहा बायका, आत्याही त्यांतच; स्वराली सचिव, कारण बाकीच्यांच्या मते लिहिणं हे काम नव्हे. नियम असा की यंदापासून मुलांच्या अन्नाला हात लावणारी प्रत्येक बाई तंबाखूमुक्त हवी, आणि ते तिच्या तोंडच्या शब्दावर नव्हे, तोंडच्या लाळेवर ठरणार. घरोघर बोटाएवढ्या नळ्या आल्या. सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरण्याआधी, चहाआधी, नळीत लाळ भरायची. नळी गोळा करायला गाडी येईल, आठ दिवसांत निकाल फोनवर.

तंबाखू हा त्या तपासणीचा बारकासा भाग होता. खरी करामत वेगळीच होती. आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात आणि मरताना आपल्या डीएनएचे तुकडे रक्तात सोडून जातात. रक्तातून त्यांतले थोडे लाळेत झिरपतात. प्रत्येक तुकड्यावर बारीक रासायनिक खुणा असतात. यकृताच्या वेगळ्या, आतड्याच्या वेगळ्या. कॅन्सरच्या पेशीत या खुणा विस्कटतात. फाडलेल्या पत्राच्या कपट्यांवरून अक्षर कुणाचं ते ओळखावं, तसं हे यंत्र चमचाभर लाळेतून सांगायचं की शरीरात कुठं काही बिघडायला लागलंय. दुखण्याआधी, गाठ हाताला लागण्याआधी. तेवढ्यात सापडलं तर बहुतेकजण बरे होतात; छोटं ऑपरेशन, थोडी औषधं, आणि माणूस कामाला लागतो. उशीर झाला तर तोच रोग घरदार विकायला लावतो.

हे सगळं स्वरालीनं गटाच्या बैठकीत समजावून सांगितलं. कॅन्सर म्हणजे काय, तेही. पेशी दुभंगताना तिच्या आतल्या सूचनांची नक्कल होते, नकलेत चुका होतात, चुका साठल्या की पेशीला थांबायचं कळेनासं होतं. चुका कशानं होतात? तंबाखूनं, काही विषाणूंनी, दारूनं, किरणांनी, आईबापांकडून आलेल्या दोषानं. आणि कित्येकदा कशानंच नाही, नुसत्या योगायोगानं. शेवटची दोन कारणं तिनं भरभर उरकली. त्यांत कुणाला नावं ठेवता येत नव्हती.

"तोंडात पांढरा नाहीतर लाल चट्टा, तीन आठवडे न भरलेली जखम, तिखट झोंबणं, तोंड कमी उघडणं," ती म्हणाली. "यातलं काही असेल तर आधी सांगा. लपवून काय मिळतं तुम्हाला?"

"मास्तरीणबाई," उज्ज्वलाकाकी म्हणाली, "लपवायला आमच्याकडं हाय काय? दोन दाढा हुत्या, त्या बी गेल्या."

बायका हसल्या. स्वराली हसली नाही.

नळ्या भरायचा दिवस जवळ आला तसं मात्र हसणं आटलं. कुणी तुरटीनं चुळा भरून पाहिल्या, कुणी चार दिवस मशेरी सोडायचा प्रयत्न करून दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसली. दुकानात तंबाखू ओळखायची साधी पट्टी मिळायची; लाळ लावल्यावर ती नऊच्या नऊ जणींची काळी पडली. काम जाणार हे दिसायला लागलं. तेव्हा त्या सगळ्या स्वरालीच्या सोप्यात येऊन बसल्या, पदर सावरून, मयताला आल्यासारख्या.

"तुजं तोंड सोच्छ हाय," रेहानाचाची म्हणाली.

स्वरालीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिला आनंद झाला, आणि तो आनंद तिनं नंतर कितीही घासला तरी मनावरून गेला नाही. तीन वर्षं जिच्या शिकण्याची टिंगल केली, तिची थुंकी मागायला अख्खा गट आला होता.

पकडलं जायची भीती नव्हती. तपासणीचा कायदा करणाऱ्या शहाण्या माणसांनी गुप्ततेचा फार विचार केला होता. यंत्र लाळेतला रोग वाचायचं. लाळ कुणाची ते विचारायचं नाही, दोन नमुने शेजारी ठेवून बघायचंही नाही. प्रत्येकीला आपली लाळ गुप्त ठेवायची असणार, असं त्यांनी धरलं होतं. नऊजणी एकीचीच वाटून घेतील हे त्या वातानुकूलित डोक्यांत आलंच नव्हतं.

हे चूक आहे हे स्वरालीला बायकांपेक्षा चांगलं कळत होतं. तिनं आत्यांकडं पाहिलं. "एका अटीवर. अन्वीच्या तोंडाला तुम्ही परत मशेरी लावायची नाही. कधीच. माझ्या मागंसुद्धा."

"न्हाई लावत," आत्या म्हणाल्या.

"तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

आत्यांनी हात ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे स्वराली चुलीपुढं स्टीलची वाटी घेऊन बसली आणि आत्या तिच्यासमोर चिंचेचं बोटूक धरून बसल्या, तोंडाला पाणी सुटावं म्हणून. वाटी भरायला पाऊण तास लागला. नऊ नळ्या त्या वाटीतून भरल्या, दहावी तिची स्वतःची. सगळ्यांची पापं धुवायला आपलं थुंकणं पुरतं, असा एक विचार तिच्या मनात आला आणि तिला तो आवडला.

*

निकाल मंगळवारी दुपारी आले. एकाच वेळी साऱ्या गल्लीतले फोन वाजले.

निकालाची मराठी सरकारी होती, म्हणून बायका वाचून घ्यायला स्वरालीकडेच आल्या. ती अन्वीला पदराखाली घेऊन बसली होती. तिचा फोन आत कुठंतरी. तिनं उज्ज्वलाकाकीचा फोन हातात घेतला.

"तंबाखूचा अंश नाही," तिनं वाचलं. उज्ज्वलाकाकीनं टाळी दिली. "पुढं आहे काहीतरी. थांबा. स्तनाच्या पेशींतील विस्कळीत खुणा आढळल्या. निर्देशांक एक्केचाळीस पूर्णांक सदुसष्ट. दहा दिवसांत पुढील तपासणी आवश्यक. हा अंतिम निष्कर्ष नव्हे."

"म्हंजे काय?"

"म्हणजे छातीचा कॅन्सर असू शकतो. सुरुवातीचा."

उज्ज्वलाकाकी भिंतीला टेकली. स्वरालीच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी की मशेरीचा तसा या रोगाशी फारसा संबंध नाही, पण असंच व्हायला हवं होतं. दुसरी गोष्ट यायच्या आत रेहानाचाचीनं आपला फोन पुढं केला. स्तनाच्या पेशी. एक्केचाळीस पूर्णांक सदुसष्ट. मग आत्यांचा फोन. एक्केचाळीस पूर्णांक सदुसष्ट. चौथा तिनं मोठ्यानं वाचलाच नाही.

आकडा सारखा, कारण वाटी एकच होती.

"काय गं, पांढरी पडलीस?" कुणीतरी म्हणालं. "आमाला झालंय, तू कशाला रडतीस?"

पदराखाली अन्वी डाव्या बाजूला पीत होती. त्याच बाजूला, काखेकडं, दोन महिन्यांपासून एक गाठ होती. आवळ्याच्या बीएवढी. स्वराली तिला दुधाची गाठ म्हणत होती. तिनं तसं शोधून वाचलंही होतं. अंगावर पाजणाऱ्या बाईला अशा गाठी होतात, गरम शेक द्या, बाळाला त्या बाजूला जास्त पाजा. दुधाची गाठ दुखते, पाजल्यावर मऊ पडते, चार दिवसांत जिरते, हेही तिथंच लिहिलं होतं. तिची दुखत नव्हती, मऊ पडत नव्हती, जिरली नव्हती. साऱ्या गावाच्या तोंडावर नजर ठेवणाऱ्या बाईनं ती तेवढी ओळ ओलांडून पुढं वाचलं होतं.

*

पुढच्या दोन दिवसांत माळेवाडी प्रसिद्ध झाली. एका गावात एका गल्लीत दहा बायकांना छातीचा कॅन्सर, म्हणून जिल्ह्याच्या नकाशावर गाव लाल झालं. लाल झालं म्हणून आरोग्य खात्याचे साहेब आले. साहेबांनी सार्वजनिक विहिरीचं पाणी बाटल्यांत भरून नेलं आणि विहिरीला कुलूप घातलं. कुणी मोबाईलच्या मनोऱ्याला दोष दिला, कुणी खताला, कुणी शाळेच्या यंत्राला. चर्चा करणाऱ्यांत एकाही शहाण्याला आकडे शेजारी ठेवून बघावेसे वाटले नाहीत.

बायकांनी मात्र मशेरी सोडली. स्वरालीच्या तीन वर्षांच्या शिकवणीनं जे झालं नाही, ते एका खोट्या निकालानं झालं. उज्ज्वलाकाकीनं डबी उकिरड्यावर फेकली. शुक्रवारी तपासणीची मोठी गाडी येणार होती, सोनोग्राफी घेऊन.

स्वरालीनं हिशेब मांडला आणि तो सोपा होता. गप्प बसायचं. शुक्रवारी दहाजणी गाडीत जातील. नऊजणींच्या छातीत काही सापडणार नाही. यंत्र चुकलं असं म्हणून त्या सुटतील. तिच्यात सापडेल, उपचार होतील. तंबाखूचा निकाल स्वच्छ, त्यामुळे शाळेचं कामही राहील. कुणाचं काही बिघडत नव्हतं. आणि बिघडलंच तर या बायकांसाठी आपण काय म्हणून जीव टाकायचा?

गुरुवारी दुपारी ती जेवायला वाढत होती. आत्यांनी आपलं ताट वेगळं काढलं होतं, मंगळवारपासून. अन्वीला उचलणंही सोडलं होतं.

"हे काय नाटक?"

"लेकराला लागंल."

"कॅन्सर लागत नाही, आत्या. सर्दी आहे का ती?" ती चिडून म्हणाली. "जेवा नीट."

आत्या भाकरी कुस्करून, दुधात कालवून खात होत्या. आमटीला हात नव्हता. स्वरालीनं हे आज पाहिलं असं नव्हे. कित्येक महिने पाहत होती आणि दात दुखत असतील म्हणून सोडत होती.

"आत्या, तोंड उघडा."

"आता गं काय?"

"उघडा. मोठं. तीन बोटं आत जायला हवीत, आडवी नाही, उभी."

दोन गेली. तिसरं दातावर अडलं. गालाच्या आत, मशेरी जिथं थांबते तिथं, रुपयाएवढा पांढरा चट्टा होता, मधे लाल.

"कधीपासून झोंबतंय?"

"दिवाळीपासनं."

"आणि सांगितलं नाही."

"तू काय म्हनली असतीस त्ये ठावं हुतं."

स्वराली ताटापुढं बसून राहिली. या चट्ट्याची खबर यंत्रानं दिली असती. नळीत आत्यांची लाळ असती तर.

"आत्या," ती म्हणाली, "तो निकाल तुमचा नाही. उज्ज्वलाकाकीचाही नाही. लाळ माझी होती. जे आहे ते मला आहे." तिनं त्यांचा हात धरून डाव्या काखेखाली नेला.

आत्यांची बोटं त्या गाठीवर थांबली. स्वरालीला वाटलं, आता त्या रडतील, किंवा सुटल्यासारखा श्वास टाकतील. त्यांनी यांतलं काहीच केलं नाही.

"मंग माजं काय हाय," आत्या हळू म्हणाल्या, "त्ये कुनालाच ठावं न्हाई."

"नाही."

"तू सोताचं तोंड देऊन आमची तोंडं झाकलीस." त्यांनी हात काढून घेतला. "आन् शिकलेली तू."

*

शुक्रवारी शाळेच्या मैदानात गाडी उभी होती. बायका रांगेत, तोंडं सुकलेली. स्वरालीनं रांगेपुढं उभं राहून सांगितलं. एका दमात, कुणाकडं न बघता. मग गाडीतल्या सिस्टरला सांगितलं, आणि सिस्टरनं आत जाऊन डॉक्टरांना.

मग उज्ज्वलाकाकी म्हणाली, "आयुष्यभर मशेरी आमी लावली. आन् गाठ हिला."

"असं होतं," स्वराली म्हणाली.

"कसं हुतंय? तूच सांगत हुतीस न्हवं, ज्याचं त्यानं वडवून घेतल्यालं असतंय म्हनून."

"असं मी कधी म्हटलं नाही."

"तोंडानं न्हवतीस म्हनत," उज्ज्वलाकाकी म्हणाली. "तोंड वाकडं करून म्हनायचीस."

रेहानाचाचीनं हसू दाबलं आणि मग तिलाच वाईट वाटलं. एकजण शाळेच्या कामाचं काय होणार म्हणून करवादली. सिस्टर म्हणाली, ते आता साहेब ठरवतील, आणि विहिरीचं कुलूप कुणामुळं लागलं हेही त्यांना सांगावं लागेल. दोघीजणी रांग सोडून घरी गेल्या. जाताना एकीनं स्वरालीच्या पायाशी थुंकायचं केलं आणि गाडीकडं बघून गिळलं.

सिस्टरनं नव्या नळ्या काढल्या. "इथं माझ्यासमोर भरायच्या. ज्याची त्यानं."

कुणी हात पुढं करेना. आत्या रांगेच्या शेवटून पुढं आल्या. अन्वीला त्यांनी उज्ज्वलाकाकीच्या हातात दिलं, नळी घेतली, आणि उघडेल तेवढं तोंड उघडलं.

"स्वराली मगदूम," आतून हाक आली.

गाडीत गार होतं. डॉक्टर तिच्याच वयाच्या, केस घट्ट बांधलेल्या. बोटांनी त्यांनी गाठ चाचपली, पडद्यावर बघितली, पुन्हा चाचपली. "सुईनं तुकडा घेऊ. बहुतेक लहानच आहे, पण खात्री तुकड्यानंच होईल. बाळाला वरचं दूध सुरू करावं लागेल, तयारीत राहा." मग त्यांनी लिहिण्यासाठी पेन उचललं. "गाठ कधीपासून?"

"दोन महिने."

"दोन महिने," डॉक्टर म्हणाल्या. "शिक्षण?"

"बी.एस्सी."

डॉक्टरांनी मान वर केली. ती नजर स्वरालीनं लगेच ओळखली. रोज सकाळी गल्लीतून जाताना ती स्वतः हीच वापरत होती.

"मग आधी का नाही दाखवली? लक्ष गेलं नाही?"

"नाही," स्वराली म्हणाली. मग म्हणाली, "गेलं होतं. मला वाटलं, हे मला होणार नाही."

"सगळ्याच म्हणतात," डॉक्टर लिहीत म्हणाल्या. "डावा हात वर घ्या."